बारा वर्षांनी उघडणारी फाईल

गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास साधारण ११.८६ वर्षे लागतात. प्रशासनात काम करणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा असा आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, आणि तिकडे तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम या गावी महामहम भरतो. एक गोदावरीच्या पात्रात, दुसरा कावेरीकाठच्या गावातील एका तळ्यात. दोन्हीकडे बारा वर्षांतून एकदा लाखो माणसे ठरल्या दिवशी, शक्यतो ठरल्या मुहूर्तावर, पाण्यात उतरू पाहतात. याउलट अधिकाऱ्यांच्या मुदतीचे गणित. महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने एका जागेवरचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला आहे, आणि तोही दर वेळी पुरा होतोच असे नाही. म्हणजे एका मेळ्यापासून पुढच्या मेळ्यापर्यंत जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीत निदान चार माणसे बसून गेलेली असतात. ज्याने मागचा मेळा पार पाडला तो एव्हाना निवृत्त तरी झालेला असतो किंवा मंत्रालयात एखाद्या भलत्याच खात्याचा सचिव असतो. पुढचा मेळा ज्याच्या पदरात पडणार, तो मागच्या मेळ्याच्या वेळी कॉलेजात शिकत असतो.

मग मधल्या काळात मेळ्याविषयीचे ज्ञान राहते कुठे? हा प्रश्न मनात घेऊन गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मी बरीच पुस्तके वाचली. नॉलेज मॅनेजमेंट, संगणक-प्रकल्प, डेटा सायन्स, सोशल मीडिया अशा मथळ्यांखाली विमानतळावरच्या दुकानांत ती रचलेली असतात. बहुतेक लिहिलेली असतात कंपन्यांसाठी. तरीही प्रत्येक पुस्तक मिटताना मी एक चाचणी लावत आलो आहे: महामहमच्या आदल्या रात्री तळ्याकाठी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला यातले काय उपयोगी पडेल?

प्रथम त्या तळ्याविषयी. कुंभकोणमचे महामहम तळे सुमारे सहा एकरांचे आहे. भोवती दगडी मंडप आहेत सोळा, आणि तळ्याच्या आत तीर्थ म्हणून मानलेल्या विहिरी वीस. सोळा मंडप तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी सतराव्या शतकाच्या आसपास बांधविले असे मानतात. भारतातील नऊ नद्या महामहमच्या दिवशी या तळ्यात स्नानास येतात अशी श्रद्धा आहे, आणि त्या नवांत आपली गोदावरीही आहे. बाजूच्या काशी विश्वनाथाच्या देवळात या नवकन्यांच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत. मराठी माणूस तिथे गेला तर गोदावरी कोणती, हे पुजाऱ्याला विचारल्याशिवाय राहत नाही. मीही विचारले.

१८ फेब्रुवारी १९९२ रोजी याच तळ्याकाठी चेंगराचेंगरीत सुमारे पन्नास माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता स्नानासाठी आल्या होत्या आणि गर्दीचा लोट त्या बाजूस वळला होता. यानंतरची महामहमे, म्हणजे ६ मार्च २००४ आणि २२ फेब्रुवारी २०१६ ची, अशी दुर्घटना न होता पार पडली. नाशिकचा क्रम थोडा वेगळा. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाजवळच्या सरदार चौकाच्या उतारावर सुमारे चाळीस भाविक चेंगरून मेले. २०१५ चा सिंहस्थ सुखरूप गेला. दोन्ही गावांनी आपापल्या दुर्घटनेतून काहीतरी घेतले, असे यावरून म्हणता येईल. पण नाशिकच्या घटनेला दीड वर्षही झाले नव्हते तोच २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर, सुमारे तीनशे माणसे गेली. राज्य तेच, गृहखातेही तेच. नाशिकने जे शिकले ते वाईपर्यंत पोचले नव्हते.

आता पुस्तके. नॉलेज मॅनेजमेंट या विषयातील आद्य म्हणावे असे पुस्तक नोनाका आणि ताकेउची या दोन जपानी प्राध्यापकांचे, १९९५ सालचे. त्यांनी ज्ञानाचे दोन प्रकार मानले. पहिला, जे शब्दांत किंवा आकड्यांत मांडता येते. दुसरा, जे माणसाच्या हाताडोळ्यांत मुरलेले असते. ही कल्पना मूळची मायकेल पोलान्यी यांची, पण नोनाकांनी तिला कारखान्यात आणले. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव भाजण्याचे यंत्र करायचे होते आणि यंत्रातला पाव काही केल्या जमत नव्हता. तेव्हा कंपनीच्या एका सॉफ्टवेअर अभियंता बाईंनी ओसाकाच्या एका हॉटेलातील मुख्य पाववाल्याकडे उमेदवारी केली. कणीक मळताना तो तिला ओढता ओढता पीळही देतो, हे त्याने कधी सांगितले नव्हते, कारण आपण तसे करतो हे त्याला वेगळे ठाऊकच नव्हते. बाईंनी ते पाहिले, आणि मग ते यंत्रात उतरले.

कुंभकोणमच्या माणसाला हे शिकण्यास ओसाकाला जायला नको. गावापासून काही किलोमीटरवर स्वामिमलै आहे. चोळकाळापासून चालत आलेल्या पद्धतीने तिथले स्थपती आजही पंचधातूच्या मूर्ती ओततात: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू. मूर्तीची प्रमाणे ठरविण्यासाठी ते नारळाच्या झावळीची पट्टी घेतात आणि मूर्तीच्या उंचीएवढी कापून तिच्या घड्या घालतात. त्या घड्या हीच त्या मूर्तीची मोजपट्टी. शिल्पशास्त्राचे श्लोक छापलेले आहेत, कोणालाही मिळतात. घडी कुठे किंचित सैल ठेवायची हे मात्र श्लोकात नाही.

आपल्या कचेऱ्यांतही असे स्थपती असतात. एका जिल्ह्यात मी रुजू झालो तेव्हा एक मोठी वार्षिक यात्रा तीन आठवड्यांवर आली होती. चार्ज घेताना हाती आलेल्या टिपणात यात्रेवर दीड पान होते. त्यात एक वाक्य असे: ओढ्यावरील फरशी पुलावरून दुपारी चारनंतर एस. टी. गाड्या सोडू नयेत. का, ते नव्हते. मागची सात-आठ वर्षांची आदेशपत्रे काढून पाहिली. दर वर्षी तेच वाक्य, फक्त तारीख बदललेली. अखेर एक निवृत्त अव्वल कारकून सापडले. त्यांना घरून बोलावून आणले तेव्हा उलगडा झाला. पूर्वी पालखी परतताना त्याच फरशीवरून ओढा ओलांडत असे, आणि एके वर्षी गाडी व पालखी समोरासमोर येऊन माणसे पाण्यात पडली होती. पुढे पालखीसाठी वरच्या अंगाला नवा पूल झाला. पालखीचा रस्ता बदलून सहा वर्षे झाली होती, तरी गाड्या मात्र चारनंतर अडवल्या जात होत्या आणि परतणारी माणसे उन्हात चार किलोमीटर चालत होती. कारण ठाऊक नसल्याने आदेश रद्द करण्याचे धाडस कोणी केले नव्हते. आणि ते न केल्याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही, कारण ज्या आदेशाचे कारण ठाऊक नाही तो रद्द करणे हे खरोखरच धोक्याचे असते.

निष्कर्ष लिहून ठेवायचा आणि कारण गाळायचे, या रीतीचे जगातील सर्वांत मोठे उदाहरणही कुंभकोणमचेच आहे. श्रीनिवास रामानुजन याच गावात वाढला. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे त्याचे छोटे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. शाळेत असताना, १९०३ च्या सुमारास, त्याच्या हाती कार नावाच्या एका इंग्रज शिकवणीवाल्याचे जाडजूड पुस्तक पडले. कार हा परीक्षार्थींची तयारी करून घेणारा माणूस. त्याच्या पुस्तकात गणिताचे सुमारे पाच हजार निष्कर्ष क्रमांक घालून ओळीने दिले होते, सिद्धता मात्र नावापुरत्या. आजच्या भाषेत त्याला डेटाबेस म्हणता येईल. रामानुजनने ते सगळे निष्कर्ष स्वतःच्या डोक्याने सिद्ध केले आणि गणित म्हणजे असेच लिहायचे असते असा समज करून घेऊन स्वतःच्या वह्याही तशाच लिहिल्या: निष्कर्ष आहेत, वाट नाही. पाटीवर गणित करायचे, कोपराने पुसायचे आणि फक्त उत्तर वहीत उतरवायचे, कारण कागद महाग होता.

त्या वह्यांतील एकेका निष्कर्षाची वाट शोधून काढण्यात अमेरिकेतील ब्रूस बर्न्ट यांची दशके गेली. १९८५ ते १९९८ या काळात त्यांचे पाच खंड निघाले. ‘हरवलेली वही’ केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात १९७६ साली जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडली, तिच्यावरचे काम आणखी निराळे. पाय या संख्येसाठी रामानुजनने १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका सूत्रावरून १९८५ साली बिल गॉस्पर यांनी संगणकावर पायचे एक कोटी सत्तर लाखांहून अधिक अंक काढले. गंमत अशी की ते सूत्र बरोबरच आहे याची पूर्ण सिद्धता तेव्हा हाती नव्हती, ती नंतर आली. गणितात हे चालून जाते. निष्कर्ष खरा असेल तर शंभर वर्षांनीही कोणीतरी वाट शोधतो. महामहमच्या बंदोबस्ताच्या फाईलला बर्न्ट मिळत नाही.

याच गावाने एक अगदी उलट नमुनाही दिला आहे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना तो जवळचा वाटावा. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचा, तंजावरच्या मराठी भाषक घराण्यातला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. १८७५ मध्ये ते बडोद्याला आले, आणि त्याच वर्षी गादीवर दत्तक घेतलेला एक मुलगा बसला, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. तेच पुढे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांकडे अधिकार सोपवायचे होते. त्याआधी माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने इंग्रजीत छापलेली आहेत. मला हे पुस्तक आजच्या कोणत्याही नॉलेज मॅनेजमेंटच्या ग्रंथापेक्षा अधिक कामाचे वाटते. दिवाण इथे तरुण राजाला नुसते हुकूम सांगत नाही. अमुक करावे, कारण न केल्यास असे असे होते, अशा चालीने तो बोलतो. तीन संस्थानांत मुरलेले शहाणपण खुर्ची सोडण्यापूर्वी शब्दांत उतरवून ठेवण्याचा तो प्रयत्न आहे. सयाजीरावांनी पुढे १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात गावोगाव वाचनालये उभी केली, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

असो. संगणकाकडे वळतो. या क्षेत्रातील मला सर्वांत पटलेले पुस्तक जुने आहे: फ्रेडरिक ब्रुक्स यांचे १९७५ सालचे ‘द मिथिकल मॅन-मंथ’. आय.बी.एम.मध्ये एक प्रचंड प्रणाली तयार करताना आलेला अनुभव त्यात आहे. उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे घातली की तो आणखी लांबतो, हा त्यांचा सिद्धांत. नव्या माणसाला समजावून सांगण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि परस्परांशी बोलण्याच्या जोड्या वाढत जातात. दहा माणसांत ४५ जोड्या होतात, वीस माणसांत १९०. हे वाचले तेव्हा मला मेळ्याचा बंदोबस्त आठवला. आदल्या रात्री इतर जिल्ह्यांतून हजारो पोलीस येतात. पहाटे भाविक त्यांना घाटाचा रस्ता विचारतात आणि ते बिचारे शेजारच्या चहावाल्याला विचारतात. कागदावर मनुष्यबळ दुप्पट झालेले असते. गल्ली ठाऊक असलेली माणसे तेवढीच.

डेटा सायन्सची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गर्दीविषयी जॉन फ्रुइन यांनी १९९३ मध्ये लिहिलेला निबंध आजही पायाभूत मानतात. एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते आणि एकट्यादुकट्याच्या इच्छेला अर्थ उरत नाही, हे त्यांनी दाखवले. त्यांनी सांगितलेल्या चार घटकांपैकी एक माहिती हा आहे. पुढे काय झाले हे मागच्याला कळत नाही, म्हणून तो ढकलत राहतो. जानेवारी २००६ मध्ये मक्केजवळ मीना येथे हजयात्रेत साडेतीनशेच्या आसपास माणसे मेली. तिथल्या चित्रफितींचे संगणकीय विश्लेषण डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी केले, तेव्हा दिसले की दुर्घटनेच्या आधी गर्दी थांबत-चालत अशा लाटांनी हलू लागते. म्हणजे इशारा मिळतो, बघणारा हवा. तिथला पूल नव्याने बांधला गेला, वेळापत्रके आखली गेली. तरीही २०१५ च्या सप्टेंबरमध्ये मीनाच्याच एका रस्त्यावर वृत्तसंस्थांच्या मोजणीनुसार दोन हजारांहून अधिक माणसे गेली. मोजणी एका जागी पक्की झाली होती, गर्दी दुसऱ्या जागी तुंबली.

आपल्याकडेही हे शास्त्र आले आहे. प्रयागच्या २०१३ च्या कुंभाचा हार्वर्ड विद्यापीठाच्या चमूने अभ्यास केला, आणि राहुल मेहरोत्रा व फेलिपे वेरा यांनी संपादलेला त्याचा देखणा ग्रंथ २०१५ मध्ये आला. नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थासाठी मूळचे नाशिकचे एम.आय.टी.तील शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ झाले, आणि स्थानिक मुलांनी पावले मोजणारी चटई करून दाखवली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या नियोजनावर चांगले मार्गदर्शक पुस्तक काढले. २०२५ च्या प्रयागराजच्या कुंभात कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे होते. २९ जानेवारीच्या पहाटे तिथे सरकारी आकड्यानुसार तीस भाविक मेले. कॅमेऱ्याने गर्दी मोजली नसेल असे मी म्हणत नाही. पण आकडा पाहून कोणता रस्ता किती मिनिटांत बंद करायचा, आणि तो बंद केल्यावर मागची माणसे कुठे जातील, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस त्या पडद्यासमोर बसलेला लागतो.

सोशल मीडियावरील पुस्तकांविषयी थोडक्यात. हातात मोबाईल आला की जमाव शहाणा होतो, असे हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी २००२ मध्ये मांडले होते. दाट गर्दीत मोबाईलचे नेटवर्कच बसते आणि शब्द तोंडोतोंडीच जातो. २०१७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २३ माणसे गेली, तेव्हा कोणाचे तरी ‘फूल पडले’ मागे जाताना ‘पूल पडला’ झाले, असे काहींनी सांगितले. खरे-खोटे काही असो, पण जिन्यावर उभ्या माणसाला तसे ऐकू येऊ शकते.

कुंभकोणमविषयी लिहिताना २००४ ची आणखी एक तारीख टाळता येत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये महामहम सुरळीत झाले. १६ जुलैच्या सकाळी गावातील एका शाळेत स्वयंपाकाच्या झोपडीला लागलेली आग गवती छपरात शिरली आणि ९४ मुले गेली. खाली उतरण्यास अरुंद जिना होता. गवती मांडवाला आग लागते, एकच वाट असली की माणसे अडकतात, हे त्या वर्षी त्या गावात जमलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ होते. पण ते मेळ्याच्या फाईलमध्ये होते, शाळा-तपासणीच्या नाही. पुढे याच आगीचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातील शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश दिले. ज्ञान-व्यवस्थापनाच्या पुस्तकांत विभागाविभागांमधल्या भिंतींवर स्वतंत्र प्रकरणे असतात. ती वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरे कोणतेच उदाहरण येत नाही.

ई-ऑफिस आल्यापासून फायली हरवत नाहीत, ही मोठी सोय झाली. मात्र टिपणी आखूड झाली, हेही मी पाहिले आहे. कागदावर कारकून निदान पाऊण पान लिहीत असे, पूर्वपीठिका देत असे. पडद्यावर ‘मान्यतेस्तव सादर’ आणि ‘मान्य’ यांत काम भागते. पुढच्या मेळ्याचा अधिकारी शोध-चौकटीत शब्द घालील तेव्हा त्याला आदेश सगळे सापडतील.

पंचांग पाहिले तर एक सोयीची गोष्ट दिसते. नाशिकची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास होतात आणि महामहम माघ-फाल्गुनात. म्हणजे गेल्या दोन्ही वेळी नाशिक सहा-सात महिने पुढे होते. २००३ नंतर २००४, २०१५ नंतर २०१६. आता नाशिकची स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत आणि कुंभकोणमचे महामहम २०२८ च्या आरंभी. तंजावर जिल्ह्यातील एक प्रांताधिकारी, एक पोलीस उपअधीक्षक आणि तळ्याच्या पाण्याचे काम पाहणारा एक अभियंता असे तिघे जण २०२७ च्या पावसाळ्यात आठ दिवस रामकुंडावर येऊन उभे राहिले, आणि परतताना आपण काय पाहिले व नाशिककरांनी ते तसे का केले हे वीस पानांत लिहून घेऊन गेले, तर खर्च रेल्वेच्या तिकिटांचा. दुभाषी लागलाच, तर तंजावरात अजून मराठी बोलणारी घरे आहेत.